"ताप परत आला" म्हणजे नक्की काय झालं?

पावसाळ्यात सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर केलं की बाकावर चारपाच जण आधीच बसलेले असतात, कानटोपी, स्वेटर, एखाद्याच्या अंगावर घरातली चादर तशीच गुंडाळलेली, आणि प्रत्येकाचं वाक्य एकच, "ताप परत इलो." आमच्या तळकोकणात आला नाही म्हणत, इलो म्हणतात, पण ते असू दे. मुद्दा असा की हे एकच वाक्य निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं आणि ऐकणारा, म्हणजे घरचे लोक, मेडिकलवाला, त्याचा अर्थ एकच काढतो, की औषध लागू पडलं नाही, आता जरा जास्त पावरची गोळी द्या.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. रक्त काढायचं, काचेवर पसरवायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम, चौदा पंधरा वर्षं तेच करतोय. कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरला विचारा. पण ताप 'परत' येतो म्हणजे आत काय चाललेलं असतं हे एकदा कळलं ना, की निम्मी धावपळ कमी होते आणि डॉक्टरला काय सांगायचं ते पण कळतं, म्हणून हे लिहितोय.

तर चार प्रकारचे परत. एक, ताप गेलाच नव्हता, फक्त गोळीचा असर संपला. दोन, आजार तोच, पण त्याचा दुसरा अंक सुरू झाला. तीन, आजार गेला असं वाटलं पण जंतू आत दडून राहिला. चार, हा सरळ सरळ नवीन ताप आहे, आधीच्याशी याचा संबंध नाही. आणि एक पाचवा पण आहे, जो मुळात ताप नसतोच, नुसती कणकण असते, त्याच्याबद्दल शेवटाकडे.

पहिला प्रकार सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात जास्त गैरसमजाचा. आपल्या मेंदूत तापमान सांभाळणारा एक छोटा भाग आहे, त्याला गिझरचं सेटिंग समजा. एरवी ते ९८ च्या आसपास असतं. अंगात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी रक्तातून निरोप पाठवतात, त्या निरोपाने मेंदूजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते जाऊन सेटिंग वर करतं, धरा १०३. आता अंग तर अजून ९९ वरच आहे, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने तुम्ही गारठलेले आहात, म्हणून हुडहुडी भरते, दात वाजतात, तीन गोधड्या घेतल्या तरी पुरत नाहीत, कारण थरथरून स्नायू उष्णता तयार करतायत. १०३ ला पोचलं की थंडी थांबते आणि अंग भाजायला लागतं. मग पॅरासिटामॉल घेतली की ती त्या प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन थांबवते, सेटिंग परत खाली येतं, आणि साठलेली उष्णता बाहेर टाकायला दरदरून घाम फुटतो. घाम आला म्हणजे ताप 'फुटला' असं आपण म्हणतो ते बरोबरच आहे, पण फुटला तो सेटिंग उतरल्यामुळे, जंतू मेला म्हणून नव्हे. गोळी जंतूला हातसुद्धा लावत नाही. चारसहा तासांनी तिचा असर ओसरतो, जंतू तिथेच, निरोप चालूच, सेटिंग पुन्हा वर. म्हणजे दुपारी दोनला घेतलेल्या गोळीचा ताप रात्री आठला परत आला तर गोळी फेल गेलेली नाही, गोळीचं काम तेवढंच होतं.

त्यात अजून एक गंमत अशी की निरोगी माणसाचं तापमानसुद्धा पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं. म्हणून कुठलाही ताप संध्याकाळी जास्त वाटतो, सकाळी माणूस उठून चहा पितो, म्हणतो आज बरं वाटतंय, कामावर जातो आणि दिवेलागणीला परत आडवा. ९८.६ हा आकडा पण काही देवाने दिलेला नाही, वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने जवळजवळ २५,००० रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून १८६८ साली पुस्तक काढलं त्यातून तो आला, ती सरासरी आहे, लक्ष्मणरेषा नव्हे. संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून लगेच गोळी घ्यायची गरज नाही. साधारण १००.४ च्या वर गेला की ताप म्हणायचं. काखेत लावलं तर तोंडातल्यापेक्षा जरा कमीच दाखवतो, आणि गरम चहा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर धरणाऱ्यांना काय सांगायचं, असो.

गोळी किती, हे मात्र नीट बघा. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची, दोन गोळ्यांमधे चार ते सहा तास अंतर, आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, म्हणजे ६५० च्या सहा म्हणजे अगदी शेवटची हद्द. दारू पिणारे, लिव्हरचा त्रास असलेले, अंगाने अगदी बारीक किंवा म्हातारी माणसं, यांना त्याहून बरीच कमी, डॉक्टर सांगेल तेवढीच. आणि लहान मुलाला वजनावर हिशोब असतो, चमचा अंदाजाने भरून नाही. एक काकी आल्या होत्या, त्यांच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप, एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची, तिन्ही त्या दिवसातून तीनदा घेत होत्या आणि तिन्हीत पॅरासिटामॉल. नावं वेगळी, आतलं औषध एक. लिव्हरवर बेतायचं असलं काही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाही दिसत तर मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला सांगा, तो दाखवतो.

आता दुसरा प्रकार, दुसरा अंक. काही आजार दोन टप्प्यात येतात, मधे एक दोन दिवस माणूस एकदम बरा, आणि मग पुन्हा. याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण डेंग्यू. तीनचार दिवस सणसणीत ताप, डोळ्याच्या मागे दुखतं, कंबर, पाठ, हाडं मोडल्यासारखी, म्हणून तर याला हाडमोडी ताप म्हणतात. मग ताप उतरतो. कधी उतरून एक दिवस जातो आणि परत थोडा चढतो, आलेख काढला तर मधे खाच पडलेली दिसते, घोड्यावरच्या खोगिरासारखी. पण डेंग्यूत खरी भीती ताप परत येण्याची नाहीच, भीती ताप उतरण्याची आहे! ताप उतरतो त्याच्या आसपासचे २४ ते ४८ तास, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी, काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर पोटात छातीत जातं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. घरचे म्हणतात ताप गेला, आता पेज द्या आणि झोपू दे. आणि तो झोपलेला नसतो, गळून गेलेला असतो.

म्हणून ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यातून नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडलेत, माणूस अस्वस्थ किंवा अगदीच सुस्त, लघवी सहा सहा तास नाही, यातलं एक जरी असलं तरी गाडी काढायची, रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

पेशींबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. डेंग्यू म्हटलं की आपल्याकडे एकच प्रश्न, पेशी किती? म्हणजे प्लेटलेट. दीड लाखाच्या ऐंशी हजार झाल्या की पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगनफ्रूट, सगळं गाव कामाला लागतं, आणि चाळीस हजार झाल्या की रक्तपेढीला फोन. खरं सांगू का, रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवत नाहीत, साधारण दहा हजाराच्या खाली गेल्यावर तो विचार होतो. डॉक्टर प्लेटलेटइतकंच किंवा जास्तच लक्ष देतो ते रिपोर्टातल्या पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या ओळीकडे, कारण रक्त घट्ट व्हायला लागलंय का ते तिथे कळतं, आणि त्या ओळीकडे घरचा एक माणूस बघत नाही. शिवाय मशीन कधीकधी फसतं. ट्यूबमधल्या औषधाने काही लोकांच्या प्लेटलेटचे गुच्छ होतात, मशीनला गुच्छ मोजता येत नाहीत, आकडा खोटाच खाली येतो. रक्त नीट हलवलं नाही आणि ट्यूबमधे गुठळी झाली तरी तेच. माणूस समोर बसून वडापाव खातोय आणि आकडा वीस हजार, असं झालं की आम्ही स्लाइडवर डोळ्याने बघून घेतो, तुम्ही पण विचारा, स्लाइडवर बघितलं का म्हणून.

आणि डेंग्यूची शंका आहे तोवर अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी कोणी ॲस्पिरिन रोज घेत असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, तेवढ्यासाठी डॉक्टरला फोन करा. दुखणं असह्य झालं की लोक मेडिकलवरून 'दुखण्याची' एक गोळी मागतात आणि पुष्कळदा ती नेमकी यातलीच निघते.

दोन अंकी नाटक करणारे आमच्याकडचे अजून दोघे आहेत. एक लेप्टो. उंदराच्या, गुराच्या लघवीतून जंतू पाण्याचिखलात येतो, पायाला बारीक चीर असली की आत. लावणीच्या दिवसात गुडघाभर चिखलात उभे राहणारे आमचे शेतकरी, आणि शहरात तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत जाणारे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईत लेप्टोचे रुग्ण कसे वाढले ते त्या वेळच्या लोकांना आठवत असेल. पहिले चारसात दिवस ताप, डोकं, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल पण चिपडं नाहीत. मग दोन दिवस बरं, आणि मग काही जणांना दुसरा टप्पा, ज्यात कावीळ, किडनी, फुप्फुस, काहीही धरू शकतं. लवकर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, पण "मी चिखलात काम करत होतो" हे वाक्य डॉक्टरला सांगितलं पाहिजे, तो तोंड बघून ओळखणार नाही. ज्यांना चिखलात उतरावंच लागतं त्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन देतात, पण ती ताप यायच्या आधी, प्रतिबंध म्हणून, डॉक्टरला किंवा आरोग्य केंद्रात विचारून.

दुसरा माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा सापडलेला विषाणू, २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. गोचीड चावते, सीझन उन्हाळ्याचा, म्हणजे नेमका काजूचा. आठवडाभर ताप आणि भयानक अंगदुखी, मग बरं, आणि दहावीस टक्के लोकांना एक दोन आठवड्यांनी पुन्हा ताप, यावेळी डोकेदुखी, मान ताठ, हात थरथर. काजू गोळा करायला रानात गेला होता का, आसपास माकड मेलेलं दिसलं का, हे दोन प्रश्न तिकडे फार महत्वाचे.

तिसरा प्रकार, दडून बसलेला, हा माझ्या सगळ्यात आवडीचा, म्हणजे आजार आवडीचा नव्हे पण मायक्रोस्कोपखाली तो दिसला की कोडं सुटल्यासारखं वाटतं. गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, आणि दरवर्षी दोनचार जण मलेरिया घेऊन येतात. एक पोरगा होता, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर. जुलैत मुंबईत मलेरिया निघाला, तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, ताप गेला, गणपतीला गावी आला, आरतीत उभा असताना हुडहुडी भरली. इथे परत तीन दिवसांच्या गोळ्या. बरा. दिवाळीला पुन्हा तेच. आई म्हणाली कोणीतरी काहीतरी केलंय, नारळ देऊन बघूया. नारळ द्या हो, आमचं काही म्हणणं नाही, पण त्याला विचारलं तर कळलं की दोन्ही वेळा तीन दिवसांच्या गोळ्यांबरोबर चौदा दिवसांच्या पण दिल्या होत्या आणि त्या याने घेतल्याच नाहीत, कारण ताप तर तिसऱ्या दिवशीच गेला होता.

झालं असं की आपल्याकडे मलेरियाचे मुख्य दोन प्रकार, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. डास चावला की जंतू आधी लिव्हरमधे जातो, तिथे वाढतो, मग रक्तात उतरून लाल पेशींमधे घुसतो आणि त्या फोडतो. व्हायवॅक्सचं चक्र ४८ तासांचं, पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप, मग एक दिवस शांत, मग परत. जुनी माणसं याला पाळीचा ताप म्हणायची आणि मराठीत हिवताप हे नावच किती अचूक आहे बघा, हीव म्हणजे थंडी. (सुरुवातीचे काही दिवस जंतूंचं एकमेकांशी टायमिंग जुळलेलं नसतं म्हणून ताप रोजही येतो, तेव्हा पाळी दिसायची वाट बघत अंगावर काढू नका, आणि फाल्सिपेरम तर पाळी बिळी न पाळता थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो.) पण व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमधे नुसते झोपून राहतात. काही आठवडे, काही महिने, आठ दहा महिनेसुद्धा. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातले मरतात, झोपलेल्यांना त्याचा पत्ता पण लागत नाही. त्यांना मारायला प्रायमाक्विन, रोज एक डोस, चौदा दिवस. सहाव्या दिवशी सोडलं की झोपलेले उठणार, आणि तेव्हा नवीन डास चावायची सुद्धा गरज नाही. मलेरिया डासातून येतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात जंतू बघून सिद्ध केलं, त्यामुळे आपण सगळा दोष डासालाच देतो, पण या पोराच्या दुसऱ्या तिसऱ्या तापात बहुतेक डासाचा हात नव्हताच.

प्रायमाक्विन मात्र शेजाऱ्याची उरलेली म्हणून घ्यायची गोळी नव्हे. काही लोकांच्या रक्तात जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना ही घेतली की लाल पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि पूर्ण कोर्स फुकट आहे, तिथे विचारा.

टायफॉईड पण याच खोलीतला. त्याला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात, म्हणजे सात, चौदा, एकवीस दिवसांची मुदत घेऊन आलेला. अँटिबायोटिक बरोबर असलं तरी ताप उतरायला चारपाच दिवस लागतातच, तिसऱ्या दिवशी "अजून येतोच आहे" म्हणून डॉक्टर बदलणारे आणि नवा डॉक्टर नवं अँटिबायोटिक लिहिणारा, असे तीन तीन बदललेले कागद आम्ही बघतो. आणि कोर्स मधेच सोडला, कधी पूर्ण करूनही, दोन तीन आठवड्यांनी उलटतो.

यातच विडाल टेस्ट, टायफॉईडसाठी करतात ती रक्ततपासणी. मी लॅबवाला असून सांगतो, विडालच्या एकट्या रिपोर्टवर फार विसंबू नका. पूर्वी कधी टायफॉईड झालेला, लस घेतलेली, कधीकधी भलताच ताप, या सगळ्यात ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असून निगेटिव्ह येऊ शकते. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमधे वाढवून बघायचा, हे खरं, पण ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी काढायला लागतं आणि लोक येतात तोवर दोन डोस पोटात गेलेले असतात. तसंच डेंग्यूचं, एनएस१, म्हणजे विषाणूचंच एक प्रोटीन शोधणारी टेस्ट, पहिल्या पाच दिवसात, त्यानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध अंगात तयार होणाऱ्या अँटिबॉडीची. पहिल्या दिवशी आयजीएम केली तर निगेटिव्ह येणारच, म्हणजे डेंग्यू नाही असं नव्हे. उलट आयजीएम नंतर दोनतीन महिने रेंगाळते, आणि मलेरियाची कार्ड टेस्ट, खास करून फाल्सिपेरमची, जंतू मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. म्हणून पंधरा दिवसांनी परत ताप आला आणि कार्ड पॉझिटिव्ह आलं तर काचेवरचा स्मिअर बघायला सांगा, त्यात जिवंत जंतू दिसतो किंवा दिसत नाही, आणि एकदा नाही दिसला तर बारा चोवीस तासांनी पुन्हा.

चौथा प्रकार पटकन सांगतो. बालवाडीत जाणारं पोर वर्षातून सहा आठ वेळा सर्दीतापाने आजारी पडतं, त्यात विशेष काही नाही, मधल्या दिवसात ते खेळतंय, वजन वाढतंय, एवढं बघायचं. (ठराविक तीन चार आठवड्यांनी, प्रत्येक वेळी घसा आणि तोंडातल्या फोडांसह तापच येत असेल तर ते वेगळं, त्याचं नाव असतं, मुलांच्या डॉक्टरला तारखा दाखवा.) मोठ्यांचं म्हणाल तर, डेंग्यूच्या विषाणूचेच चार प्रकार आहेत, एक झाला म्हणजे उरलेल्या तिघांपासून कायमची सुटका नाही, आणि दुसऱ्यांदा होणारा जास्त अवघड जाऊ शकतो.

अंगदुखीला पण पत्ता असतो, सगळंच 'अंग दुखतं' म्हणून सोडू नका. पोटऱ्या लेप्टोत, डोळ्यामागे आणि कंबर डेंग्यूत, एका बाजूची पाठ आणि थंडी आणि लघवीला जळजळ म्हणजे किडनीकडचं इन्फेक्शन, मान खाली वाकत नाही आणि उजेड सहन होत नाही हे तर लगेच हॉस्पिटल. काखेत जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, न दुखणारी, ही स्क्रब टायफसची खूण, २०१८ ला नागपूरकडे बरेच रुग्ण निघाले होते, गवतातल्या बारीक किड्याने होतो आणि ती खपली कपड्याखाली असते म्हणून कोणी बघत नाही. बोटं, मनगटं, घोटे सुजून सकाळी ब्रश धरता येत नाही, पोळपाट लाटणं उचलत नाही, ते चिकुनगुनिया. या शब्दाचा अर्थच आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेत वाकवणारा असा आहे. आपल्या बार्शीला १९७३ साली याची मोठी साथ आली होती, मग तीसेक वर्षं हा आजार देशातून जवळपास गायबच, आणि २००५-०६ ला असा परत आला की मराठवाड्यात घरंच्या घरं आडवी होती. यातला ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र महिनोन्‌महिने, थंडी पडली की पुन्हा धरतात. हा 'परत आलेला चिकुनगुनिया' नव्हे, विषाणू गेलेला असतो, सूज मागे राहिलेली असते, त्याला अँटिबायोटिक काय करणार. तीन महिन्यांच्या वर सांधे सुजलेलेच राहिले तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा.

आणि हो, ती 'एका सुईत उभा करतो'वाली सुई. जाऊन आलात की तासाभरात अंगदुखी गायब, भूक लागते, माणूस उठून बसतो. पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड ताप आणि सूज दोन्ही दाबतं आणि जंतूशी लढणारी पलटण पण दाबतं, दोन दिवसांनी ताप 'परत' येतो तेव्हा आजार पुढे गेलेला असतो. सुई घेतली असेल तर लपवू नका, कोण ओरडणार नाही, ओरडलं तर ओरडू दे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळणारा, रोज संध्याकाळी बारीक येणारा, रात्री उशी भिजेल एवढा घाम, वजन उतरलं, खोकला असेल नसेल, तर टीबीची तपासणी सांगायच्या आधी स्वतःहून मागा. टीबी फुप्फुसातच असतो असं नाही, गाठीत, मणक्यात, पोटात कुठेही. ताप तीन आठवड्यांच्या वर आणि १०१ च्या वर जातोय आणि तपासण्या करूनही कारण सापडत नाही अशाला डॉक्टरी पुस्तकात १९६१ पासून वेगळं नाव आणि वेगळी यादी आहे, त्यात जंतूंबरोबर ल्यूपस, संधिवातासारखे आजार, रक्ताचे कॅन्सर, औषधांमुळे येणारा ताप असं बरंच येतं. घाबरवायला नाही सांगत, पण तेव्हा पाचवं अँटिबायोटिक घेण्याऐवजी मोठ्या हॉस्पिटलला फिजिशियनकडे जाणं स्वस्त पडतं.

राहिली कणकण. अंग मोडून येतं, कसकस वाटते, हात लावला तर गरम लागतं, थर्मामीटर लावलं तर ९८.४. "अंगात मुरलेला ताप आहे, थर्मामीटरला दिसत नाही" हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. थर्मामीटरला दिसत नाही तो ताप नाही, पण दुखणं खोटं आहे असं पण नाही हां, हे घरच्या पुरुषमंडळींनी लक्षात घ्या, कारण हे सांगणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका असतात. हिमोग्लोबिन आठ, डी व्हिटॅमिन तळाला, थायरॉईड बिघडलेलं, झोप पाच तास, यातलं एखादं बरेचदा निघतं, आणि त्यावर तापाची गोळी रोज खाऊन काही होत नाही. मोठ्या तापानंतर दोनतीन आठवडे असंच गळून गेल्यासारखं वाटणं मात्र ठीक आहे, तेवढा वेळ अंगाला द्या.

आता काम काय करायचं ते सांगतो, एकच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात ताप लिहा. किती वाजता, किती होता, गोळी कुठली आणि कधी घेतली, थंडी वाजली का, घाम आला का. गोळी घ्यायच्या आधी मोजा, घेतल्यावर लगेच नाही. दिवस मोजायचा तो पहिल्या तापाच्या दिवसापासून, डॉक्टरकडे गेलात तिथपासून नव्हे, कारण डेंग्यूचं सगळं गणित त्या पहिल्या दिवसावर आहे. गेल्या महिन्याभरात कुठे गेलात, चिखल, रान, साइट, तेही कोपऱ्यात. चार दिवसांची अशी नोंद समोर आली की तुमचं 'परत' कुठलं आहे याचा अंदाज डॉक्टरला रक्त काढायच्या आधीच येतो. मग त्या महिन्याचं पान सरळ फाडून आणा, आमच्याकडे एक आजी आणतात, मागे एकादशीचे उपवास असतात, पुढे ताप. जुने रिपोर्ट आणि संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप पण त्याच पिशवीत टाका, "ती पांढरी गोल होती" यावरून आजवर कोणालाच काही कळलेलं नाही.